कोलकात्याला मुंबईचा सामना बघायला जाताय? भुसावळहून निघणाऱ्यांसाठी सगळी तयारी

आपल्या खानदेशातून मुंबई सिटी या फुटबॉल क्लबच्या मागे उभं राहणाऱ्याला घरचा सामना असा नसतोच. अंधेरीचं मैदान भुसावळहून साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. रात्रीची गाडी, डबा, चादर, पहाटे दादरला उतरणं, हे सगळं आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. कोलकाता त्याहून लांब, साधारण दीड हजार किलोमीटर, आणि तिथं भरलेल्या स्टेडियममध्ये आपली माणसं मूठभर. या वेळी पहिल्यांदाच येणारी पोरं, त्यांच्या आया, धुळ्या-नंदुरबारहून फोन करणारे, सगळे तेच ते विचारतात. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते.

मी भुसावळला शिवणकाम करते. आमच्या गटाचा बॅनर माझ्या मशीनवर शिवला जातो आणि तिकिटांची वहीही माझ्याकडेच असते. पोरं मला काकू म्हणतात, आणि त्यांच्या घरच्यांना मी सोबत आहे म्हटल्यावर जरा धीर येतो. तो धीर सांभाळायचा तर तयारी पक्कीच हवी.

या तयारीत मी एकच गोष्ट धरून चालते: सामन्याच्या नव्वद मिनिटांत आपला आवाज शाबूत पाहिजे. आपण तिथं जातो ते आपल्या खेळाडूंना ऐकू जावं म्हणून. टीव्हीवर घरी बसून सामना जास्त नीट दिसतो. तेव्हा गाडी कोणती, जेवण काय, झोप कधी, उतरायचं कुठं, यातलं काहीही ठरवताना मी आधी विचारते की याने घसा आणि ताकद वाचेल की जाईल.

४ मे २०२४ ची आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची, अंतिम लढत कोलकात्यातल्या सॉल्ट लेकच्या मैदानावर झाली, तिथल्या मोहन बागान क्लबच्या घरात. बासष्ट हजारांवर प्रेक्षक. मध्यंतराच्या तोंडावर त्यांच्या जेसन कमिंग्सने गोल केला आणि कानाचे पडदे हलले. सगळं स्टेडियम हिरवं-मरून, आपली निळी पट्टी एका कोपऱ्यात. दुसऱ्या अर्धात आपल्या पेरेरा दियाझने बरोबरी साधली, शेवटच्या दहा मिनिटांत बिपिन सिंगने आघाडी मिळवून दिली आणि भरपाई वेळेत याकुब वोयतुशने तिसरा घातला. ३-१. त्याच मैदानावर तीन आठवड्यांपूर्वी, १५ एप्रिलला, आपण २-१ हरून लीग शिल्ड, म्हणजे गुणतक्त्यात पहिल्या येणाऱ्या संघाची ढाल, गमावली होती. आपले तिन्ही गोल मध्यंतरानंतरचे होते. ज्यांनी पहिल्या वीस मिनिटांतच घसा फोडून घेतला, त्यांना गाण्याची खरी वेळ आली तेव्हा नुसते हात हलवता आले. ते बघितल्यापासून मी या बाबतीत कडक आहे.

गाडी

आपलं भाग्य असं की कोलकात्याची गाडी आपल्या दारातून जाते. मुंबई-नागपूर-हावडा हा मुख्य मार्ग भुसावळवरून जातो, त्यामुळे कुठं बदलायला लागत नाही. गीतांजली एक्सप्रेस सकाळी मुंबईहून सुटते, दुपारी भुसावळला येते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हावड्याला पोचते. मुंबई-हावडा मेल आणि पुण्याहून येणारी आझाद हिंद या भुसावळला उत्तररात्री येतात. अहमदाबाद-हावडा एक्सप्रेस सुरत-नंदुरबार-जळगावमार्गे येते, म्हणून नंदुरबारच्या पोरांना तीच सोयीची. त्यांनी भुसावळला येऊन आमची गाडी धरण्यापेक्षा आम्ही भुसावळला त्यांच्या गाडीत चढतो, असंही जमतं. धुळ्याच्या पोरांनी एसटीने जळगाव किंवा भुसावळ गाठायचं. जुना सहा नंबरचा राष्ट्रीय महामार्ग धुळे-जळगाव करत थेट कोलकात्याला जायचा, त्यामुळे गाडी करून रस्त्याने जाऊ असं दर वेळी कुणीतरी सुचवतंच. नको. दीड हजार किलोमीटर गाडी हाकून उतरलेला माणूस सामन्यात डोळे मिटतो.

मला गीतांजली सगळ्यात पसंत. जेवून घरून निघता येतं, रात्र एकच गाडीत, आणि दिवसाउजेडी हावडा. उत्तररात्रीच्या गाडीत अर्धी रात्र फलाटावर जाते आणि ती झोप पुढं भरून निघत नाही. पण एक पक्कं लक्षात ठेवा, सामन्याच्या दिवशी पोचणारी गाडी घ्यायची नाही. बिलासपूरपासून पुढं, झारसुगुडा, राउरकेला, चक्रधरपूर या पट्ट्यात मालगाड्यांची गर्दी भारी, गाडी दोन-चार तास रेंगाळली तर कुणाला सांगणार? सामना रविवारी असेल तर शुक्रवारी दुपारी निघायचं, शनिवारी दुपारी उतरायचं, रविवारी सामना, सोमवारी दुपारी हावड्याहून परतीची गीतांजली, मंगळवारी घर. म्हणजे रजा शुक्रवार अर्धा, सोमवार आणि मंगळवार. दुकानावर, कारखान्यात काम करणाऱ्यांनी ही रजा आधी मागून घ्या आणि मगच नाव नोंदवा.

परतीचं तिकीट आधी, जायचं नंतर. उलट वाटेल, पण जाताना एखाद्याला जागा मिळाली नाही तर तो घरी तरी असतो. परतीला मिळाली नाही तर तो हावड्याच्या फलाटावर असतो, आणि मग आम्ही सगळेच त्याच्या काळजीत.

नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० दिवस होते. एका तिकिटावर सहाच नावं बसतात. म्हणून मी सहा-सहाच्या तुकड्या करते आणि प्रत्येक तुकडीत एक तरी जाणता माणूस ठेवते. सगळे जाणते एका डब्यात आणि सगळी पोरं दुसऱ्या डब्यात असं होऊ द्यायचं नाही. ज्यांच्या घरी रेल्वेचा पास आहे, आणि भुसावळात अशी घरं गल्लोगल्ली आहेत, त्यांनी पासवर आरक्षण करताना तीच गाडी आणि तीच तारीख घ्यायची, आणि डबा कोणता आला ते मला लगेच कळवायचं.

कधी कधी वेळापत्रक इतकं उशिरा जाहीर होतं की ६० दिवसांची गंमत उरतच नाही. मग तत्काळ. प्रवासाच्या आदल्या दिवशी एसीचं सकाळी १० वाजता, स्लीपरचं ११ वाजता उघडतं. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला खात्याशी आधार जोडलेलं आणि पडताळलेलं लागतं, तेव्हा ते काम आजच उरकून ठेवा. ११ वाजता मोबाईल हातात घेऊन आधार शोधत बसलात तर गाडी गेली. आणि ‘वेटिंगवर चढू, बघू’ हे या प्रवासात अजिबात नको. वेटिंगवाल्याला स्लीपरच्या डब्यात बसायची परवानगी नाही, आणि चोवीस तास दाराशी उभं राहून आलेला माणूस सामन्याला कसला ओरडणार.

डबा

आपल्याकडची दशमी याच कामासाठी जन्माला आलीय. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवलेलं, त्यामुळे दोन दिवस मऊ राहते. प्रत्येकाने घरून दशम्या, तिळाची नाहीतर शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि गुळाचा खडा आणायचा. हिवाळ्यात कुणीतरी भरीत आणतंच, आसोद्याकडच्या वांग्यांचं असलं तर विचारूच नका. पण भरीत पहिल्या रात्रीच, नागपूरच्या आसपास संपवायचं. दुसऱ्या दिवशी ते कुणीही उघडायचं नाही. आणि ठेचा घरी राहू द्या. मला ठाऊक आहे, ठेच्याशिवाय जेवण गोड लागत नाही. पण तिखटाने घसा धरतो आणि गाडीत पाणी कमी प्यायलं जातं. दोन दिवस तेवढं सोसा.

केळी रावेर-यावलची न्या, पण पिकलेली नकोत. हिरवट-पिवळी, कडक फणी घ्या. शुक्रवारी ठेवलेली शनिवारी संध्याकाळपर्यंत खाण्याजोगी होतात आणि रविवारी सामन्याआधी पोटाला आधार देतात. पिकलेली नेली तर बिलासपूरपर्यंत सगळी बॅग चिकट होते आणि आत बॅनर असतो.

रात्री दहा वाजता डब्यात दिवे बंद. गाणी, घोषणा, हातवारे, सगळं बंद. डब्यात इतर लोकही असतात, कुणाची म्हातारी माणसं, कुणाची लहान लेकरं. आणि मूळ मुद्दा तोच, आवाज गाडीत सांडायचा नाही.

बॅनर

हे माझं काम, म्हणून इथं थोडं सविस्तर लिहिते. दोंडाईच्याची, अमळनेरची पोरं स्वतःचे बॅनर शिवायला निघाली आहेत, त्यांना उपयोग होईल.

कापड पॉपलीन घ्या, आकाशी. जाड कापड दिसायला भारदस्त, पण ओझं होतं आणि वाऱ्यात ओढ घेतं. सॅटिन कॅमेऱ्यात चमकतं, अक्षर वाचता येत नाही. पॉपलीनचा छत्तीस इंचांचा पन्हा मिळाला तर उंचीला जोड द्यावा लागत नाही. लांबी चार मीटर पुरे. यापेक्षा मोठा केला तर धरायलाच निम्मी माणसं लागतात. कापलेलं कापड आधी रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवून वाळवून घ्या. एकतर ते आटायचं ते आधीच आटतं, आणि निळा रंग सुटत असेल तर पांढऱ्या अक्षरांवर उतरण्याआधी कळतं.

अक्षरं रंगवू नका, कापून शिवा. रंग घडीवर तडकतो. पांढऱ्या टेरिकॉटची अक्षरं कापायची, आधी धावदोऱ्याने बसवायची, मग कडेने झिगझॅग टीप. देवनागरीत एक अडचण असते ती इंग्रजी अक्षरं कापणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. वर मात्रा-वेलांटी आणि खाली उकार, दोघांना जागा लागते. छत्तीस इंचात वर सात इंच, खाली सात इंच सोडले, दुमड गेली, की मधलं अक्षर वीस इंचांचंच उरतं. ‘भुसावळ’ लिहायचं तर ‘भु’चा उकार खाली लोंबतो आणि कठड्याच्या खाली दडतो. आम्ही ‘खानदेश’ लिहितो. खाली काही येत नाही, वर एकच मात्रा, त्यामुळे अक्षर चांगलं मोठं बसतं. शिवाय जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांतल्या पोरांना तो आपला वाटतो, हे जास्त महत्त्वाचं. शिरोरेषा तुकड्या-तुकड्यांत नको, एकच लांब पट्टी कापा. तिच्यामुळे सगळी अक्षरं एका ओळीत राहतात आणि कापडाला मध्ये झोळ पडत नाही.

बांधायला दोरी, लोखंडी कड्या, काठ्या यातलं काही नको. गेटवर तपासणीत यातलं प्रत्येक अडतं. मी वरच्या आणि खालच्या काठाला फुटाफुटावर त्याच कापडाच्या नाड्या शिवते, वीतभर लांब, मुळाशी दुहेरी टीप. बॅनर घडी करून साध्या कापडी पिशवीत बसतो, पोलिसांना उलगडून दाखवता येतो आणि कठड्याला दोन मिनिटांत बांधून होतो. जाहिरातींच्या फळ्यांवर लावायचा नाही, बाहेर जायच्या वाटेवर तर मुळीच नाही. मजकुरात आपल्या संघाचं आणि आपल्या मुलखाचं नाव. समोरच्याला टोचणारं एक अक्षरही मी शिवत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

झाल्यावर रेल्वेच्या मैदानावर एका कडेला बांधा आणि दुसऱ्या कडेला जाऊन वाचून बघा. तिथून वाचता आलं तर सॉल्ट लेकमध्येही येईल.

तिकीट आणि बसायची जागा

सामन्याचं तिकीट स्वतःच्या मनाने काढू नका. स्वस्त दिसलं म्हणून यजमानांच्या गॅलरीतलं घेतलं आणि निळी जर्सी घालून तिथं गेलात, तर तुमच्यासह आजूबाजूच्यांचाही सामना बिघडतो. मुंबई सिटीच्या समर्थकांचा जुना गट आहे, वेस्ट कोस्ट ब्रिगेड. पाहुण्या समर्थकांना कोणता भाग, कोणतं गेट, ढोल चालतो का, याची खबर त्यांच्याकडे किंवा क्लबकडे आधी येते. आपण संख्या कळवायची आणि त्यांच्यासोबत बसायचं. आपली पंधरा-वीस माणसं वेगळी बसली तर आवाज विरून जातो.

बुकिंगचा संदेश शेवटपर्यंत वाचा. कधी फोनवरचं तिकीट चालतं, कधी त्याच्या बदल्यात खिडकीवरून कागदी तिकीट घ्यावं लागतं. तसं असेल तर तुकडीतल्या एकाने दुपारीच जाऊन ते उरकायचं. पाण्याच्या बाटल्या, लायटर, मोठ्या बॅगा, पॉवर बँक, काही वेळा सुटी नाणीसुद्धा गेटवर अडवतात. पॉवर बँक लॉजवर ठेवा, फोन पूर्ण चार्ज करून निघा.

आणि मैदान कोणतं ते बघा. मोहन बागान आणि ईस्ट बंगालचे सामने सहसा सॉल्ट लेकला, म्हणजे विवेकानंद युवा भारती क्रीडांगणात असतात. कोलकात्याच्याच तिसऱ्या क्लबचे, मोहम्मडनचे, आयएसएल सामने किशोर भारती क्रीडांगणातही झाले आहेत, आणि ते शहराच्या पार दक्षिणेला आहे. लॉज ठरवण्याआधी हे तपासा.

हावड्याला उतरल्यावर

पूर्वी हावड्याहून सॉल्ट लेक गाठायचं म्हणजे पूल, टॅक्सी, ट्रॅफिक असा मोठा कार्यक्रम होता. आता मेट्रोची ग्रीन लाइन आहे. मार्च २०२४ मध्ये ती हुगळी नदीच्या खालून हावड्यापर्यंत आली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मधला एस्प्लनेड-शियालदह तुकडा जोडला गेला. हावडा स्टेशनच्या खालीच मेट्रो. एस्प्लनेड, शियालदह, फुलबागान आणि मग थेट ‘सॉल्ट लेक स्टेडियम’ नावाचं स्थानक. भुसावळच्या फलाटावरून निघालेला माणूस एका रेल्वेने आणि एका मेट्रोने स्टेडियमपाशी पोचतो. आमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांचीसुद्धा काळजी निम्मी झाली.

राहायला शियालदहच्या आसपास बघा. मेट्रोने स्टेडियमही जवळ आणि हावडाही. प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र सोबत हवं, फोनमधला फोटो काही लॉजवाले घेत नाहीत. आम्हा बायकांची आणि मुलींची खोली मी आधी फोन करून, खोलीला आतून कडी आहे का हे विचारून ठरवते. यात संकोच करायचं कारण नाही.

शनिवारी संध्याकाळी गंगेचा घाट बघा, मासे खात असाल तर मासे खा, पण लवकर झोपा. आणि कोलकाता आपल्याहून बरंच पूर्वेला आहे हे विसरू नका. घड्याळ तेच, पण सूर्य आपल्यापेक्षा पाऊण तासाहून जास्त आधी मावळतो. डिसेंबरात पाचच्या आधीच दिवेलागण. भुसावळच्या अंदाजाने पोरांना ‘अंधार पडायच्या आत या’ सांगाल तर ती साडेपाचला काळोखात वाट शोधत असतील. घड्याळाची वेळ सांगा.

हवेचं तर आपल्याला फारच फसवतं. आपण पंचेचाळीस अंशांत वाढलेली माणसं, कोलकात्याचे छत्तीस ऐकून हसतो. पण आपलं ऊन कोरडं, घाम आला की उडून जातो आणि अंग निवतं. तिथं हवेतच इतकं पाणी की घाम अंगावरच राहतो आणि आतली उष्णता बाहेर पडत नाही. एप्रिल-मेचा सामना असेल तर दुपारी दोनपासूनच मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस थोडं थोडं प्यायला लागा, तहान लागायची वाट बघू नका. स्टेडियमच्या आत पाणी मिळेल तिथं मध्यंतरात सगळ्यांनी प्यायचंच. चक्कर आली तर लाजून गप्प बसायचं नाही, शेजारच्याला सांगायचं.

समोरच्यांबद्दल

आपण ज्यांच्या घरी चाललोय त्यांच्याबद्दल थोडं जाणून जा. मोहन बागान १८८९ चा क्लब. २९ जुलै १९११ ला त्यांनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवून आयएफए शिल्ड जिंकली, बहुतेक खेळाडू अनवाणी. तो दिवस ते आजही साजरा करतात. ईस्ट बंगाल १९२० चा, लाल-सोनेरी, पूर्व बंगालातून आलेल्या लोकांचा जीव त्यात गुंतलेला. मोहन बागान जिंकलं की कोळंबी, ईस्ट बंगाल जिंकलं की हिलसा, असं तिथल्या घरांतून चालतं. १९९७ च्या फेडरेशन कपच्या या दोघांमधल्या उपांत्य सामन्याला, याच सॉल्ट लेकवर, एक लाख एकतीस हजारांवर माणसं होती, आणि ईस्ट बंगालच्या बायचुंग भुतियाने तीन गोल केले होते. फुटबॉल ही तिथली घरातली गोष्ट आहे. मेट्रोत एखाद्या काकांनी विचारलं, कुठून आलात, तर भुसावळ सांगा. हावडा मार्गावरचं स्टेशन म्हणून नाव त्यांना बहुतेक ठाऊक असतं आणि मग गप्पा रंगतात.

आणि १६ ऑगस्ट १९८० हेही प्रत्येकाला माहीत असू द्या. ईडन गार्डन्सवर या दोन क्लबांच्या सामन्यात गॅलरीत मारामारी झाली, चेंगराचेंगरी झाली आणि सोळा प्रेक्षक गेले. फुटबॉल बघायला घरून निघालेली माणसं होती ती. त्यांच्या आठवणीत त्या दिवशी कोलकात्यात रक्तदान करतात. आमच्या गटात कुणी शिवी दिली, बाटली उचलली, समोरच्याची जर्सी जाळण्याची भाषा केली, तर पुढच्या सामन्याच्या यादीत त्याचं नाव नसतं. दारू पिऊन आलेल्याचंही नसतं. याला अपवाद नाही, मग तो माझ्या बहिणीचा मुलगा का असेना.

सामन्याची संध्याकाळ

जर्सीवर साधा शर्ट घालून मेट्रोने जा, आत गेल्यावर काढा. भीती म्हणून नव्हे, गर्दीत उगाच खोड निघू नये म्हणून. साडेसातचा सामना असेल तर सहाला गेटवर. बॅनर बांधून व्हायला हवा, आणि खेळाडू सरावाला मैदानात येतात तेव्हा आपण जागेवर हवं. त्यांनी वर बघितलं आणि निळा कोपरा दिसला, तर निम्मं काम तिथंच होतं.

गाण्याची पद्धत मी मुक्ताईच्या दिंडीवरून घेतली आहे. कोथळी-मुक्ताईनगरहून पंढरपूरपर्यंत इतके दिवस चालणारे वारकरी सतत गाऊ शकतात, कारण एक जण चाल देतो आणि बाकीचे झेलतात, एका बाजूने म्हटलं की दुसरी बाजू श्वास घेते. आम्हीही दोन रांगा करतो. पुढच्या रांगेने घोषणा द्यायची, मागच्या रांगेने उचलायची. दहा मिनिटांनी उलट. मधल्या वेळात टाळ्या. टाळीला घसा लागत नाही आणि ठेका धरला तर ती लांब जाते. आवाज पोटातून काढा, गळ्यातून खेचू नका. पहिली पंधरा मिनिटं निम्म्या जोराने. आपल्यावर गोल झाला की लगेच उभं राहायचं आणि पूर्ण जोराने गायचं. तेव्हा आख्खं स्टेडियम ओरडत असतं, आपलं कुणाला ऐकू जाणार असं वाटतं. पण त्यांचा जल्लोष मिनिटा-दोन मिनिटांत ओसरतो, आणि मैदानाच्या मध्यभागी चेंडू ठेवला जातो त्या शांततेत आपलाच आवाज उरतो. तो खेळाडूंपर्यंत जातो. साठाव्या मिनिटानंतर मात्र राखून ठेवायचं काही कारण नाही.

सामना संपला की पोलीस बहुतेक वेळा पाहुण्यांना थांबवून ठेवतात, यजमानांची गर्दी ओसरेपर्यंत. थांबा. वाद घालू नका. तेवढ्यात बॅनर सोडा, नाड्या मोजा, कचरा उचला, तुकड्यांची हजेरी घ्या. सामना सव्वानऊ-साडेनऊला संपतो, तेव्हा शेवटची मेट्रो किती वाजता आहे हे आदल्या दिवशीच स्थानकावर विचारून ठेवा. ती चुकली तर टॅक्सीत चार-चार जण, प्रत्येक टॅक्सीत एक जाणता, आणि लॉजवर पोचल्याचा फोन मला. जिंकलो तरी घोषणा रस्त्यावर नाहीत, त्या लॉजवर गेल्यावर खोलीत, आणि त्याही शेजारच्यांची झोप न मोडता.

परत आल्यावर

बॅनर गार पाण्यात धुऊन सावलीत वाळवा, इस्त्री उलट्या बाजूने. घडी दर वेळी वेगळ्या जागी घाला, नाहीतर तिथंच कापड विरतं. हिशेब पुढच्या रविवारी माझ्या दुकानात. प्रत्येकाची वर्गणी, गाडी, लॉज, सामन्याचं तिकीट, मेट्रो, सगळं वहीत लिहिलेलं असतं आणि ज्याला बघायचं त्याने बघावं. शिल्लक राहिली तर ज्या पोराचे पैसे कमी पडतात त्याच्या पुढच्या तिकिटाला.

या सामन्यासाठी नाव नोंदवायचं असेल तर आधारवरचं नाव, वय, जर्सीचं माप आणि घरच्या एका माणसाचा नंबर लिहून आणा. अठराच्या खालच्यांनी आई किंवा वडिलांना सोबत घेऊन या, मला त्यांच्याशी बोलायचं असतं. दहावी-बारावीची परीक्षा असलेल्यांना मी फेब्रुवारी-मार्चमध्ये नेत नाही. दुकान सकाळी दहा ते रात्री आठ उघडं आहे, गुरुवारी बंद.